हुकूम देणाऱ्यापर्यंत पोचताना : नागरिकांवरच्या युद्धगुन्ह्यांचा खटला कसा बांधायचा

पहिल्या दिवशी दोन फायली करा. एकीवर लिहा ‘काय घडलं’, दुसरीवर लिहा ‘त्याच्यापर्यंत कसं पोचतं’. पहिलीत मृतांची यादी, शवविच्छेदनाचे अहवाल, जळालेल्या घरांचे फोटो आणि जखमींचे जबाब जातील. दुसरीत त्या दिवशी तिथे कोणती तुकडी होती, तिला हुकूम कोण देत होतं, घडल्याची खबर वर कधी गेली आणि वरच्याने त्यावर काय केलं, याचे कागद ठेवायचे. पहिली फाईल आठवड्याभरात फुगते. दुसरी महिनोन्महिने रिकामी राहते आणि खटला तिच्यापाशी अडतो. म्हणून इथला बहुतेक मजकूर दुसऱ्या फायलीबद्दल आहे.

जळगाव, धुळे, नंदुरबारकडचे विधी शाखेचे विद्यार्थी, अभिरूप न्यायालयाच्या स्पर्धेला उतरणारे संघ आणि पीडितांचे जबाब नोंदवणारे कार्यकर्ते यांच्यासाठी हे लिहिलं आहे. सरावाचं प्रकरण खानदेशातलंच, थाळनेरचं घेतलं आहे. ते शेवटी येईल.

आधी न्यायालय ठरवा

कोणत्या न्यायालयात जायचं हे ठरल्याशिवाय पुरावा जमवू नये, कारण सिद्ध काय करायचं ते न्यायालयागणिक बदलतं.

भारताने १९४९ चे जिनिव्हा करार स्वीकारले आणि त्यांच्यासाठी १९६० चा जिनिव्हा करार अधिनियम केला. त्याच्या कलम ३ प्रमाणे करारांचा गंभीर भंग भारतात घडो वा बाहेर, तो शिक्षापात्र आहे. संरक्षित व्यक्तीला (म्हणजे करारांनी संरक्षण दिलेले नागरिक, जखमी, युद्धकैदी) हेतुपुरस्सर ठार मारलं तर मृत्युदंड किंवा जन्मठेप, इतर गंभीर भंगांना १४ वर्षांपर्यंत कैद. हे वाचून विद्यार्थी उत्साहाने तक्रारीचा मसुदा करायला बसतात आणि कलम १७ वर येऊन थबकतात: सरकारने किंवा सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याने तक्रार केल्याशिवाय कोणतंही न्यायालय दखल घेऊ शकत नाही. पीडिताला स्वतः जाता येत नाही. शिवाय ‘गंभीर भंग’ ही संकल्पना दोन देशांमधल्या युद्धाची आहे. देशांतर्गत सशस्त्र संघर्षाबद्दल बोलणारं करारांचं सामाईक कलम ३ त्यात बसत नाही. सैनिकांवर नेहमीच्या फौजदारी कायद्याखाली जायचं म्हटलं, तर सरकारी मंजुरीची अट येते आणि लष्करी न्यायालय की साधं न्यायालय हा प्रश्नही उभा राहतो. हाताखालच्यांनी गुन्हा केला आणि वरिष्ठाने तो रोखला नाही एवढ्यावरून वरिष्ठाला दोषी धरणारं कलम भारतीय न्याय संहितेत नाही. चिथावणी, कट, सहाय्य यांच्या आधारे जावं लागतं.

हेगचं आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय १७ जुलै १९९८ च्या रोम संविधी या करारातून निघालं. संविधी १ जुलै २००२ पासून अंमलात आहे आणि त्याआधीचे गुन्हे तिथे चालत नाहीत. मतदानाच्या वेळी भारत तटस्थ राहिला, सदस्यही नाही. कलम १५ प्रमाणे अभियोक्त्याकडे, म्हणजे तिथे तपास करून खटला चालवणाऱ्याकडे, माहिती कोणीही पाठवू शकतं. ती माहिती असते, खटला नव्हे. उघडायचं की नाही ते अभियोक्ता ठरवतो, पुढे न्यायाधीशांची परवानगी लागते.

तिसरी वाट सार्वत्रिक अधिकारक्षेत्राची, म्हणजे गुन्हा कुठेही घडला तरी दुसऱ्या देशाने खटला चालवण्याची. सीरियाच्या गुप्तचर खात्याचा कर्नल अन्वर रस्लान याला जर्मनीतल्या कोब्लेंझच्या न्यायालयाने १३ जानेवारी २०२२ रोजी जन्मठेप दिली. गुन्हे सीरियातले, पीडित सीरियन, खटला जर्मनीत. आरोपी त्या देशात सापडणं ही इथली व्यवहारातली मोठी अडचण.

दोन दोषारोप, दोन वेगळे पुरावे

सेनाधिकाऱ्याला दोन प्रकारे धरता येतं. एक, त्याने स्वतः हुकूम दिला, आखणी केली किंवा मदत केली. दोन, हाताखालच्यांनी गुन्हा केला, त्याला ते ठाऊक होतं किंवा असायला हवं होतं, आणि त्याने रोखलं नाही की शिक्षा केली नाही. दुसऱ्या प्रकाराला वरिष्ठाची जबाबदारी म्हणतात. दोन्ही एकाच परिच्छेदात मिसळून लिहिलेलं आरोपपत्र आम्ही नेहमी परत करतो. ‘हुकूम दिला’ म्हणताना कृती दाखवायची असते, ‘रोखलं नाही’ म्हणताना न केलेली कृती.

वरिष्ठाच्या जबाबदारीचे तीन घटक युगोस्लाव्हियाच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने चेलेबिची प्रकरणात १९९८ साली नीट मांडले आणि २००१ साली अपिलात ते टिकले: वरिष्ठ-कनिष्ठ नातं, माहिती, आणि आवश्यक व वाजवी उपाय न योजणं. रोम संविधीच्या कलम २८ मध्ये आणखी एक अट आहे. वरिष्ठाने नीट नियंत्रण न ठेवल्याचा परिणाम म्हणून गुन्हे घडले असं दाखवावं लागतं.

यातला एकेक घटक सिद्ध करायला वेगळा हात लागतो.

नातं : नकाशा दोनदा काढा

मोठ्या कागदावर अधिकारसाखळी काढा. एकदा कागदोपत्री जशी होती तशी, काळ्या शाईने. मग प्रत्यक्षात जशी चालत होती तशी, लाल शाईने. दोन्ही रेषा जुळतात तिथे काम सोपं आहे. जिथे फुटतात, तिथे बचावपक्षाचा वकील उभा राहणार.

न्यायालय परिणामकारक नियंत्रण शोधतं, म्हणजे रोखण्याची आणि शिक्षा करण्याची प्रत्यक्ष ताकद. नुसता दरारा किंवा वजन पुरत नाही. ताकद दाखवणाऱ्या गोष्टी रोजच्या असतात. हुकूम निघाल्यावर तो पाळला गेला का? कोणाची बदली झाली, कोणाला बढती मिळाली, त्या कागदावर सही कोणाची? दारूगोळा, डिझेल, रेशन कोणाच्या मंजुरीने सुटत होतं? तुकडी पुढे पाठवणं आणि मागे घेणं कोणाच्या हातात होतं? पूर्वी एखाद्या शिपायाला त्याने शिक्षा केली होती का? हा शेवटचा कागद सोन्यासारखा. किरकोळ चोरीबद्दल जो अधिकारी शिपायाला कोठडीत टाकू शकतो, त्याला खुनाबद्दल टाकता येत नव्हतं हे पटवणं कठीण जातं.

पदाच्या तारखा आधी तपासा. हाजीहसानोविच प्रकरणात २००३ साली युगोस्लाव्हिया न्यायाधिकरणाच्या अपील पीठाने बहुमताने ठरवलं की पद स्वीकारण्याआधी घडलेल्या गुन्ह्यांना शिक्षा न केल्याबद्दल नव्या अधिकाऱ्याला धरता येत नाही. चार दिवसांच्या फरकाने अख्खा आरोप गळू शकतो.

पुढे एक सापळा आहे. त्या भागात दोन-तीन सशस्त्र गट असतात आणि गणवेश सारखे दिसतात. साक्षीदार सगळ्यांना ‘मिलिटरीवाले’ म्हणतो. खांद्यावरचं चिन्ह, गाडीचा रंग आणि क्रमांक, बोलीची ढब, कोणी कोणाला सलाम केला, वायरलेसवर कोणतं नाव हाकारलं, हे तेव्हाच विचारून घ्यावं. वर्षभराने ते आठवत नाही.

माहिती : तारखांची वही

आरोपीला काय कळलं आणि कधी, यासाठी वेगळी वही घाला. पाच रकाने पुरतात: घटनेची तारीख, खबर कोणी पाठवली, कोणत्या मार्गाने, पोचल्याचा पुरावा, पोचल्याची तारीख. चौथा रकाना भरल्याशिवाय ती ओळ मोजू नका. पत्र पाठवलं म्हणजे पोचलं असं होत नाही. पोच, आवक नोंद, उत्तर, बैठकीचं टिपण, यातलं काही हवं.

बोस्नियातल्या सारायेव्होला वेढा घालणाऱ्या दलाचा सेनापती स्तानिस्लाव गालिच याच्या खटल्यात संयुक्त राष्ट्रांच्या अधिकाऱ्यांची साक्ष इथेच उपयोगी पडली. नागरिकांवरच्या गोळीबाराबद्दल त्याच्याकडे वारंवार निषेध नोंदवले गेले होते. २००३ साली त्याला २० वर्षं झाली, २००६ साली अपिलात जन्मठेप. स्रेब्रेनित्साच्या (बोस्नियातल्या १९९५ च्या हत्याकांडाच्या) खटल्यांत शत्रुपक्षाच्या वायरलेस ऐकणाऱ्यांनी वह्यांत हाताने उतरवलेली संभाषणं पुरावा झाली. बोस्नियन सर्ब सेनापती म्लादिचच्या स्वतःच्या युद्धकाळातल्या १८ वह्या बेलग्रेडमध्ये सापडल्या. वही, रोजनिशी, बिल, हजेरीपट, काहीही क्षुल्लक समजू नका.

माहितीची पातळीही न्यायालयागणिक वेगळी. माय लाय इथे १६ मार्च १९६८ रोजी अमेरिकी सैनिकांनी व्हिएतनामी गावकऱ्यांची कत्तल केली. कंपनीचा प्रमुख कॅप्टन मेडिना १९७१ साली सुटला. ज्युरीला सांगण्यात आलं होतं की त्याला प्रत्यक्ष माहिती होती हे सिद्ध व्हायला हवं. युगोस्लाव्हिया न्यायाधिकरणाने ‘माहीत असायला कारण होतं’ ही कसोटी लावली: चौकशी करायला भाग पाडेल अशी काहीतरी खबर हाताशी होती का? रोम संविधी सेनाधिकाऱ्याबाबत आणखी पुढे जाते, ‘त्या परिस्थितीत माहीत असायला हवं होतं’ एवढ्यावर येते. तरीही नुसत्या खुर्चीवरून माहिती गृहीत धरू नका. जपानी सेनापती यामाशिता याला मनिलातल्या अमेरिकी लष्करी आयोगाने दोषी धरलं आणि २३ फेब्रुवारी १९४६ रोजी फाशी झाली. त्याचा त्याच्या सैन्याशी संपर्क तुटला होता हा बचाव तेव्हा चालला नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातल्या दोन न्यायमूर्तींनी त्या निकालाशी मतभेद नोंदवला, आणि पुढच्या न्यायालयांनी कसोटी बरीच काटेकोर केली. यामाशिताचा दाखला देऊन मोकळं होणारा संघ पहिल्याच प्रतिप्रश्नाला अडकतो.

उपाय : काय केलं नाही ते सांगा

‘त्याने काहीच केलं नाही’ हे वाक्य मसुद्यातून काढून टाका. जवळपास प्रत्येक सेनापतीने काहीतरी केलेलं असतं: परिपत्रक काढलं, चौकशी नेमली, दोन शिपायांना अटक केली. बचावपक्ष ते कागद आणणारच. म्हणून तुम्हीच आधी त्यांची यादी करा आणि प्रत्येकासमोर लिहा की त्या दिवशी, त्याच्या हातातल्या अधिकारात, आणखी काय शक्य होतं.

हेगच्या न्यायालयातलं काँगोच्या बेम्बा या नेत्याचं प्रकरण इथे शब्दन् शब्द वाचावं. काँगोतल्या त्याच्या सैन्याने २००२-०३ मध्ये मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात खून, बलात्कार, लुटालूट केली. २०१६ साली तो दोषी ठरला, १८ वर्षं झाली. ८ जून २०१८ रोजी अपील पीठाने तीन विरुद्ध दोन मतांनी त्याला सोडलं. एक कारण असं की दूरच्या देशात सैन्य असलेल्या सेनापतीच्या मर्यादा खालच्या पीठाने नीट जोखल्या नव्हत्या. दुसरं कारण आरोपपत्राचं. दोषी धरताना घेतलेल्या अनेक घटना मंजूर आरोपांच्या चौकटीबाहेरच्या होत्या. गुन्हे घडले, यावर वाद नव्हता. ज्या बायांनी हेगपर्यंत जाऊन साक्ष दिली, त्यांच्या पदरात काय पडलं याचा विचार करा आणि मग मसुदा पुन्हा वाचायला घ्या. प्रत्येक घटनेला तारीख, ठिकाण, तुकडी आणि पीडित हवा. ‘इत्यादी’ हा शब्द आरोपपत्रात चालत नाही.

तोफगोळ्याचं प्रकरण असेल तर

समोरासमोरच्या हत्येपेक्षा तोफगोळ्याचा पुरावा कठीण असतो. सेनापती म्हणतो, ‘लक्ष्य लष्करी होतं, गोळा भरकटला.’ तेव्हा आसपास लष्करी लक्ष्य होतं का, हे प्रामाणिकपणे नोंदवा. गावात लढवय्ये मुक्कामाला होते ही गोष्ट गावकरी भीतीने लपवतात आणि ती उलटतपासणीत निघाली की बाकीची साक्षही डागाळते. लढवय्ये होते म्हणून गावकऱ्यांचं संरक्षण संपत नाही. मग प्रश्न सैनिक आणि नागरिक यांत भेद राखण्याचा, लष्करी फायद्याच्या मानाने नागरी हानीच्या प्रमाणाचा आणि घेतलेल्या काळजीचा होतो, आणि तो हल्ल्याच्या क्षणी सेनापतीकडे असलेल्या माहितीवरून जोखतात, नंतरच्या मृतांच्या आकड्यावरून नव्हे.

खड्ड्याचा फोटो काढताना शेजारी मोजपट्टी ठेवा, उत्तर दिशा दाखवा, जीपीएस स्थान घ्या, मग लांबून एक आणि उंचावरून एक फोटो. तुकडे जिथे आहेत तिथेच फोटो काढून मगच उचला. न फुटलेल्या गोळ्याच्या जवळ जाऊ नका.

मोजमापाचा आधार तज्ज्ञाच्या साक्षीतच हवा. क्रोएशियाचा जनरल गोतोविना याला युगोस्लाव्हिया न्यायाधिकरणात २०११ मध्ये २४ वर्षं झाली. न्यायपीठाने ठरवलं होतं की ओळखलेल्या लक्ष्यापासून २०० मीटरच्या बाहेर पडलेले गोळे बेकायदा हल्ल्याची खूण आहेत. अपील पीठाला या २०० मीटरला पुराव्यात आधार सापडला नाही. १६ नोव्हेंबर २०१२ रोजी तीन विरुद्ध दोन मतांनी तो सुटला.

जबाब : मराठीतल्या दोन खोड्या

हा भाग इंग्रजी पुस्तकांत सापडत नाही, म्हणून इथे थोडं थांबू.

पहिली खोड आदरार्थी बहुवचनाची. ‘साहेब आले’ म्हणजे एक साहेब की चार? अहिराणीतही ‘साहेब उनात’ म्हटलं की तोच घोळ. भाषांतरात ‘अधिकारी आले’ असं अनेकवचन जातं आणि एकट्या आरोपीची हजेरी धूसर होते. लगेच विचारा: ‘किती जण? त्यातला बोलत कोण होता?’ उत्तर आकड्यात लिहा.

दुसरी खोड चौकीतल्या भाषेची. ‘गोळीबार करण्यात आला’, ‘आदेश देण्यात आला’. करणारा गायब. सेनापतीच्या खटल्यात नेमका तोच हवा असतो. जबाब कर्तरी प्रयोगात लिहा. कर्ता साक्षीदाराला माहीत नसेल तर तसं स्पष्ट लिहा, ‘गोळी कोणी झाडली ते मी पाहिलं नाही’. या वाक्याने साक्षीदार खोटा ठरत नाही, उलट बाकीच्या जबाबाला वजन येतं.

साक्षीदार तारीख सांगत नाही, सण सांगतो. आखाजीच्या आदल्या दिवशी, कानबाईचं विसर्जन झालं त्या सांजेला, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, कापसाची दुसरी वेचणी चालू असताना. तेच शब्द जसेच्या तसे लिहा आणि त्या वर्षाचं पंचांग पाहून इंग्रजी तारीख कंसात वेगळी टाका. वेचणी, कापणी यांची तारीख काढू नका, पंधरवडा लिहा. जबाबात तुम्ही घातलेली नेमकी तारीख साक्षीदाराच्या तोंडी चिकटते आणि कोर्टात तीच त्याला खोटं पाडते.

प्रत्येक विधानापुढे विचारा: पाहिलं, ऐकलं, की कोणी सांगितलं? ‘आबा, तो मोठा साहेब आहे हे तुम्हाला कसं कळलं?’ हा प्रश्न सौम्यपणे, पण हमखास विचारावा. उत्तर ‘सगळे म्हणत होते’ असंही असू शकतं. तेही लिहावं.

एकाच माणसाचे पाच संस्थांनी पाच जबाब घेऊ नयेत. तपशिलात फरक पडतो आणि दरवेळी त्याच यातनेतून जावं लागतं. लैंगिक अत्याचाराची पीडिता किंवा लहान मूल असेल, तर प्रशिक्षित व्यक्तीशिवाय सविस्तर जबाब घेऊ नये. नाव, संपर्काचा विश्वासू माणूस आणि उपचाराची गरज एवढं टिपून थांबा. दुभाषा भिली किंवा पावरी जाणणारा हवा असेल तर तो त्या गावचा, त्या भावकीतला नसावा.

फोन आणि व्हिडिओ

व्हॉट्सअॅपवर आलेला व्हिडिओ दाबला गेलेला असतो आणि त्याची मूळ माहितीही बहुधा गळलेली असते. ज्या फोनने चित्रण केलं त्यातूनच मूळ फाईल घ्या, लगेच तिचं हॅश मूल्य (फाईलचा अंकी ठसा, फाईल बदलली की तो बदलतो) काढून वहीत लिहा आणि पुढचं सगळं काम प्रतीवर करा. कोणी, कधी, कोणाकडून घेतली, ही साखळी तुटू देऊ नका. भारतीय न्यायालयात भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. त्यात पक्षकाराचा आणि तज्ज्ञाचा असे दोन भाग असतात. आंतरराष्ट्रीय कामासाठी २०२० चा बर्कले प्रोटोकॉल, म्हणजे इंटरनेटवरचा उघड पुरावा तपासण्याची मार्गदर्शिका, प्रमाण मानतात. लिबियाचा सेनाधिकारी अल-वेरफल्ली याच्याविरुद्धचं हेगच्या न्यायालयाचं २०१७ चं अटक वॉरंट बऱ्याच अंशी समाजमाध्यमांवरच्या व्हिडिओंवर उभं होतं.

आरोपीच्या बाजूचे कागदही फायलीत ठेवा. रोम संविधीच्या कलम ५४ प्रमाणे निर्दोषत्वाकडे बोट दाखवणारा पुरावा शोधणं हेही अभियोक्त्याचं काम आहे. ब्लाश्किच या क्रोएट सेनाधिकाऱ्याला २००० साली ४५ वर्षं झाली होती. बोस्नियातल्या अहमिची गावात १६ एप्रिल १९९३ रोजी शंभराहून अधिक माणसं मारली गेली, त्याचाही आरोप त्यात होता. मग दप्तरखान्यातले कागद बाहेर आले आणि २००४ साली शिक्षा ९ वर्षांवर आली. दप्तर उशिरा उघडलं की असं होतं. कागदांची मागणी पहिल्या महिन्यातच करा.

सराव : थाळनेर, २७ फेब्रुवारी १८१८

शिरपूर तालुक्यातला तापीकाठचा हा किल्ला मंदसोरच्या तहाने होळकरांकडून इंग्रजांकडे जायचा होता. किल्लेदार तुळशीराम मामा. सर थॉमस हिस्लॉपच्या फौजेने तोफा लावल्या, शरणागतीची बोलणी झाली, आतल्या दरवाजाशी गोंधळ होऊन आत शिरलेले इंग्रज अधिकारी मारले गेले. त्यानंतर सुमारे ३०० जणांची शिबंदी कापून काढली गेली आणि किल्लेदाराला फाशी दिली. १८१९ साली ब्रिटिश संसदेत हिस्लॉपच्या या वर्तनावर आक्षेप घेतले गेले. खटला झाला नाही.

शिबंदी सैनिकांची होती, नागरिकांची नव्हे. तेव्हा पहिलं काम संरक्षित व्यक्तीचा वर्ग बदलण्याचं: शस्त्र टाकलेला किंवा शरण आलेला सैनिक. आजचा कायदा १८१८ ला लावता येत नाही हेही उत्तरात लिहा, आणि मग सरावापुरता लावा.

फाशीचा दोषारोप ‘हुकूम दिला’ या वर्गात टाका. तिथे वरिष्ठाच्या जबाबदारीचे तीन घटक सिद्ध करावे लागत नाहीत. कत्तल मात्र ‘रोखलं नाही’ या वर्गात टाकून पाहा. दरवाजातल्या झटापटीपासून शेवटचा माणूस पडेपर्यंत किती वेळ गेला? हिस्लॉप तेव्हा कुठे उभा होता? थांबवण्याचा हुकूम त्या वेळात आत पोचू शकला असता का? नंतर कोणाची चौकशी झाली का? शरणागतीच्या अटी कोणत्या भाषेत सांगितल्या गेल्या आणि दरवाजातल्या माणसांना त्या कळल्या होत्या का? बचावाच्या बाजूने ‘विश्वासघाताचा सूड’ हा युक्तिवाद येईल. दोघा-तिघांच्या कृतीबद्दल शरण आलेल्या ३०० जणांना मारता येतं का, याचं उत्तर तयार ठेवा. होळकरांनी तहात दिलेला किल्ला अडवून धरणारा किल्लेदार आपल्याच धन्याविरुद्ध बंडखोर ठरतो, हा दुसरा युक्तिवाद येईल. त्यावर विचारा की चौकशीशिवाय त्याच दिवशी फाशी देण्याचा अधिकार हिस्लॉपला कोणी दिला.

किल्ल्याचा दरवाजा आणि छावणीची जागा यांचा नकाशा हाताने काढा. पाच रकान्यांची वही घ्या आणि चौथा रकाना कोणत्या कागदाने भरेल ते शोधा: लष्करी खलिता, अधिकाऱ्यांची पत्रं, संसदेतल्या चर्चेची नोंद. तीन जणांच्या गटाला दोन आठवडे पुरतात. जो रकाना रिकामा राहील त्यावर लाल खूण करा आणि ती खूण पुसण्यासाठी कोणता साक्षीदार लागला असता, ते खाली लिहा.